तांदळातले नाव

मिरजगाव,
४ जानेवारी १९७२

ती. मामांस,
बनुने पायांवर डोकं ठेवलं आहे असं समजा.

पाकिटाच्या मागं मालन लिहिलेलं बघून दचकला असाल. उत्तरही 'सौ. मालन कानिफनाथ' याच नावानं टाका. इथल्या पोस्टमनला बनु नावाची कुणी ठाऊक नाही. लग्नाला दोन वर्षं होत आली, तरी कुणी 'मालन' म्हणून हाक मारली की अजून मी आधी मागं वळून बघते. वाटतं अक्का आली.

कारण असं की आजीनं अक्काला लग्नात बक्षीसपत्रानं दिलेली कोल्हारची दोन एकर जमीन यांनी विकायला काढली आहे. सात-बाऱ्यावर अजून अक्काचंच नाव आहे. फाल्गुनात कचेरीत जायचं आणि मी मालन म्हणून खरेदीखतावर सही करायची. मी म्हटलं, अक्का तर गेली. तर हसले. म्हणाले, "गेली कुटं? कागदावर मालन हाय, घरात बी मालन हाय. कमी काय पडलं?" सासूबाई चुलीपुढनं म्हणाल्या, "नाव ठेवलंय ते काय नुसतं हाका माराया व्हय?"

जेवणं झाली की मला पाटीवर सही गिरवायला बसवतात. अक्काची एक जुनी सही समोर ठेवलेली असते. रतन माझ्या शेजारी बसून तेच गिरवते. तिला वाटतं, ती आईचं नाव शिकते आहे. मला आईच म्हणते ती. अक्का गेली तेव्हा चार वर्षांचीसुद्धा नव्हती.

मामा, जमीन अक्काची म्हणजे आता रतनची ना? सही केली तर काय होईल आणि नाही केली तर काय होईल, दोन्ही लिहा. बाकी माझं बरं आहे.

तुमची,
बनु


कोल्हार,
१५ जानेवारी १९७२

चि. बनु,
आम्हा दोघांचे आशीर्वाद.

पाकिटावर तू सांगितलेस तेच नाव घातले. लिहिताना हात अडखळला. मग वाटले, पहिल्यांदा लिहिले तेव्हा का अडखळला नाही?

सही करू नकोस. मेलेल्या माणसाच्या नावाने सही करणे हा गुन्हा आहे, आणि पहिली शिक्षा सही करणाऱ्याला होते. मालनच्या मागे तिची जमीन निम्मी रतनची, निम्मी कानिफनाथांची. रतन लहान आहे तोवर तिचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणूनच त्यांना मालन जिवंत हवी आहे.

आता माझे. तुझे लग्न आपल्या अंगणात दहा-बारा माणसांत लागले. मालनला जाऊन सव्वा महिना झाला होता, म्हणून पत्रिका नाही, वाजंत्री नाही. ताटात तांदूळ पसरले, आणि नवरीचे नवे नाव त्यात अंगठीने लिहायची वेळ आली तेव्हा कानिफनाथ मला म्हणाले, "मास्तर, अक्षर तुमचं चांगलं. तुमीच काढा." तुझ्या सासूबाई गोजरबाई म्हणाल्या, "मालनच काढा. रतनच्या कानाला सवय हाय." मला ते माणुसकीचे वाटले. मी लिहिले. पुढे जूनमध्ये त्यांच्या रेशनकार्डाचा अर्ज मी भरून दिला, त्यातही 'पत्नी मालन, वय २२'. मालनच्या मृत्यूची नोंद गावात कुणी केलेली नाही हे मला तेव्हा ठाऊक होते. घरात शिकलेला मी एकटा, म्हणजे बोलायचे काम माझे होते. पण आईवेगळी, बापावेगळी भाची मार्गी लागली, माझ्या दोन मुलींचा रस्ता मोकळा झाला, एवढ्यावर मी गप्प बसलो.

आणखी एक तुला सांगितले पाहिजे. ती जमीन मी वाट्याने करतो. विकली गेली तर विहीरही जाईल. तेव्हा माझ्या या सल्ल्यात न्याय किती आणि विहीर किती, हे काल रोजनिशीत लिहून पाहिले. दोन्ही वेगळे करता आले नाहीत. तरी सल्ला बरोबर आहे असे वाटते.

कानिफनाथांना आजच लिहीत आहे की मालनच्या मृत्यूची रीतसर नोंद करा, नाहीतर मी कचेरीत कळवीन.

तुझा,
राधाकृष्ण मामा


मिरजगाव,
२ फेब्रुवारी १९७२

ती. मास्तरांस कानिफनाथचा रामराम.

तुमचे पत्र पावले. तुमी शिकलेली माणसं, आमी अडाणी. तुमी म्हणता तसेच करतो. नोंदीला वर्ष उलटून गेल्याने आता मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो असे वकील म्हणाले. तो खर्च मी करीन. जे गेलं ते गेलं असं एकदा कागदावर आलं म्हणजे सगळ्यांचंच मोकळं होतं. जमिनीचा सौदा मोडला. राग नसावा.

आपला,
कानिफनाथ


कोल्हार,
१० फेब्रुवारी १९७२

चि. बनु,

कानिफनाथांचे पत्र आले आणि मनावरचे ओझे उतरले. त्यांनी ऐकले. माणूस दिसतो तितका आडमुठा नाही. उगीच त्यांच्याविषयी वाईट चिंतले असे वाटून मलाच ओशाळल्यासारखे झाले.

मालनची नोंद झाली की पाठोपाठ रेशनकार्डावर तुझे नाव घालायला सांग: बनु कानिफनाथ, पत्नी. नवा अर्ज मी लिहून देईन. तुला काही दिवस घरात टोमणे ऐकावे लागतील, ते सोस. खरे लिहिल्याने कुणाचे नुकसान होत नाही.

रतनला खाऊसाठी चार बोरे मामीने पुडीत बांधून दिली आहेत.

मामा


मिरजगाव,
३ ऑगस्ट १९७२

ती. मामांस,

मध्ये तुमची तीन पत्रं आली होती हे परवा कळलं. ती मालनच्या नावाची. मालन मयत झाल्याची नोंद झाली, गावभर कळलं, तेव्हा पोस्टमननं ती यांच्या हातात दिली. हे पत्र रोशनबीच्या घरून लिहिते आहे. ती आमची शेजारीण, पिंजाऱ्यांच्या गल्लीत राहते. उत्तर तिच्याच नावानं टाका.

झालं ते ओळीनं सांगते. चैत्रात हुकूम आला. अक्का माघात सत्तर साली गेली, असं खरं खरं लिहिलं. मग वारस म्हणून जमिनीला यांचं आणि रतनचं नाव लागलं. मी म्हटलं, आता रेशनकार्डाचं करू. मला घेऊन गेले. कारकुनानं मालनच्या नावावर रेघ मारली आणि विचारलं, "मालन मयत. मग या कोन?" हे म्हणाले, "मेहुनी हाय. पोरीला सांबाळाया आलेली." मला वाटलं, अर्ज भरायचा कंटाळा म्हणून असं बोलले. घरी येताना विचारलं, तर म्हणाले, "खोटं काय बोललो? मालनची भन न्हाईस का तू? तुज्या मामालाच खरं पायजे हुतं."

ज्येष्ठात दुसरी केली. या वेळी पत्रिका छापल्या. त्यात 'प्रथम पत्नी कै. मालन' असं आहे. माझं काहीच नाही. वरात दारात आली तेव्हा सासूबाईंनी गेलेल्या अक्काच्या नावानं माझ्या गळ्यात बांधलेला टाक काढून घेतला आणि धुऊन नवीच्या गळ्यात बांधला. मी उंबऱ्याच्या आत होते. म्हणाल्या, "आता तू कुनाची सवत न्हाईस. कशाला वजं वागवती?"

गोठ्यात महिनाभर राहिले ते रतनसाठी. मग तिथंही कडबा ठेवायचाय म्हणाले.

रोशनबीनं काल पेटीतनं तिचा निकाहनामा काढून दाखवला. पिवळा पडला आहे, पण त्यात तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, मेहेर, साक्षीदारांचे अंगठे, सगळं आहे. म्हणाली, "तुमच्यात येवडी मोठी जेवनावळ घालता, आन् कागूद एक न्हाई?" मी म्हटलं, जेवणावळसुद्धा नव्हती.

बनु


कोल्हार,
१४ ऑगस्ट १९७२

चि. बनु,

तुझे पत्र चार वेळा वाचले. मी मागितले तेच त्यांनी केले, आणि त्यातूनच तुला पुसून टाकले. त्यांनी एक अक्षरही खोटे लिहिलेले नाही. मला हे आधी दिसायला हवे होते. जमीन वाचली, माझी विहीर वाचली. आज विहिरीवर गेलो नाही.

तू इकडे निघून ये. येणार नसशील तर तालुक्याच्या कोर्टात पोटगीचा अर्ज कर. मी वकिलाशी बोललो. लग्न लागलेले पाहणारा माणूस लागतो. लग्न लावणारे गुरुजी वारले, कानिफनाथांकडची माणसे बोलणार नाहीत, तुझी मामी कोर्टाची पायरी चढणार नाही. मी आहे. मी उभा राहीन आणि सगळे सांगेन. हे मी तुला लिहून देतो.

मामा


मिरजगाव,
२० ऑक्टोबर १९७२

ती. मामांस,

कोल्हारला येत नाही. रतन शाळेला याच गल्लीतनं जाते. तेवढं दिसतं.

अर्ज केला. तारीख सत्तावीस नोव्हेंबर लागली आहे, सकाळी अकराला. वकील म्हणाले, तुमच्या मामांवरच सगळं आहे. ते आले तर लग्न शाबीत होईल, नाहीतर मी यांच्या घरी कामाला राहिलेली बाई. मी पोटगीसाठी एवढी धडपडत नाही, मामा. हे लोक गावात मला जे म्हणतात ते तुम्हाला लिहिता येत नाही. दोन वर्षं एका पुरुषाच्या घरात राहिले, त्याची बायको म्हणून राहिले, एवढं कुणीतरी मोठ्यानं म्हणावं.

आणि टाकाचं सांगायला विसरू नका. नगरच्या सोनाराकडून तो तुम्हीच करून आणला होता. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यातच मेलेल्या सवतीचा टाक बांधतात. मेहुणीच्या गळ्यात कुणी बांधत नाही. साहेबांना हे माहीत नसलं तर समजावून सांगा. तुम्ही वर्गात समजावता तसं.

इकडे पाऊस झालाच नाही. सडकेवर खडी फोडायचं सरकारी काम निघालं आहे. सोमवारपासून जाते.

बनु


मिरजगाव,
१२ नोव्हेंबर १९७२

ती. मास्तरांस कानिफनाथचा रामराम.

तारखेला आपन येनार असे कळले. जरूर यावे. जेवायला घरी यावे, तुमच्या मालनचंच घर आहे.

फक्त एक गोष्ट कानावर घालतो. रेशनकार्डाचा सत्तर सालचा अर्ज माझ्या वकिलांनी नकलून आणला. जून महिन्यात तुमी स्वतःच्या हाताने लिहिलंय, पत्नी मालन, वय बावीस. ती तर माघात गेलेली, तसा आता मॅजिस्ट्रेटचा हुकूम आहे. वकील म्हणाले, हा माणूस तवा सरकारला खोटं बोलला की आता बोलतोय, हे त्यांनाच इचारू. आन् अशा अर्जाबद्दल शाळेला पण कळवता येतं म्हणाले. मी म्हटलं, तसं नको. मास्तरांच्या दोन पोरी लग्नाच्या आहेत.

अक्षर मात्र मोत्यासारखं आहे. सगळ्या कचेरीनं बघितलं.

आपला,
कानिफनाथ


कोल्हार,
२४ नोव्हेंबर १९७२

चि. बनु,

चार दिवसांपासून ताप आहे. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून बजावले आहे. सत्तावीसला येणे जमेल असे दिसत नाही. वकिलांना पुढची तारीख घ्यायला सांग. काळजी करू नकोस.

मामा


मिरजगाव,
२० डिसेंबर १९७२

ती. मामांस,

पुढची तारीख आठ डिसेंबर मिळाली होती. तार केली होती, मिळाली असेल. त्या दिवशी दुपारपर्यंत मी कोर्टाच्या पायरीवर बसून होते. आमचे वकील दोनदा बाहेर येऊन रस्त्याकडं बघून गेले. मग पुकारा झाला. साहेबांनी मला विचारलं, लग्नाचा काही पुरावा? मी टाकाचं सांगितलं. त्यांनी तो दाखवा म्हटलं. मी म्हटलं, तो नव्या बायकोच्या गळ्यात आहे. समोरच्या वकिलांना हसू आलं. साहेब हसले नाहीत. लग्न शाबीत होत नाही म्हणून अर्ज काढून टाकला.

तुमच्या तापाची काळजी वाटली होती म्हणून रोशनबीच्या भावाला, गनीभाईला, तुमच्याकडं धाडलं होतं. तो घोडेगावच्या बाजारात बैल विकायला निघालाच होता, म्हटलं, तसाच पुढं कोल्हारला जा, मामांना एस्टीत बसवून घेऊन ये. तो चार डिसेंबरला तुमच्या शाळेत येऊन गेला. वर्गाच्या खिडकीतनं बघितलं आणि हाक न मारता परत आला. मला म्हणाला, "मास्तर फळ्यावर लिहीत हुते. लई सुंदर लिहितात."

ताप उतरला हे ऐकून बरं वाटलं.

बनु


कोल्हार,
७ जानेवारी १९७३

चि. बनु,

ताप नव्हता. तुला ते माहीत आहे, तरी मी लिहिले पाहिजे.

कानिफनाथांचे एक पत्र आले होते आणि मी घाबरलो. नोकरीला घाबरलो, मुलींच्या लग्नाला घाबरलो, असे रोजनिशीत लिहिले. दुसऱ्या दिवशी ते खोडले. खरे कारण याहून लहान आहे. भर कोर्टात माझे अक्षर माझ्यासमोर धरून कुणी विचारील, 'हे तुम्हीच लिहिले ना?' हा प्रश्न मला सोसवला नसता. तुझ्या अब्रूपेक्षा मला तो प्रश्न टळणे महत्त्वाचे वाटले. आठ तारखेला मी आजारी पडण्याचा प्रयत्नही केला नाही. शाळेत गेलो, नववीला शिकवले.

सोबत स्टॅम्पाच्या कागदावर माझे प्रतिज्ञापत्र आहे. परवा मॅजिस्ट्रेटसमोर सही केली. त्यात तांदळात नाव मी लिहिले, अर्ज मी भरला, मालन गेलेली असताना तिला जिवंत दाखवले, टाक मी करून आणला आणि तू कानिफनाथांची लग्नाची बायको आहेस, हे सगळे आहे. एक प्रत मुख्याध्यापकांकडे दिली आहे. ते काय करतात ते पाहू. उशीर झाला आहे हे समजते.

पाकिटावर आज प्रथमच तुझे नाव घालतो आहे. पत्ता रोशनबींचा.

राधाकृष्ण


मिरजगाव,
११ फेब्रुवारी १९७३

ती. मामांस,

कागद मिळाला. पोस्टमननं 'बनु कोन?' म्हणून गल्लीत विचारलं, तेव्हा रोशनबी पुढं झाली आणि म्हणाली, "ही काय, माज्याकडं हाय." वकील म्हणाले, वरच्या कोर्टात घालता येईल, पण तिथंही तो अर्ज पुढं येणार आणि दोन्हींवर अक्षर एकाच माणसाचं. मी नको म्हटलं. कागद रोशनबीच्या पेटीत तिच्या निकाहनाम्याखाली ठेवला आहे.

तुमच्या शाळेत काय झालं ते मला कळवू नका. चांगलं झालं असलं तरी नको.

खडीच्या कामावर हजेरीत नाव घालताना मुकादमानं विचारलं होतं, "नाव?" मी म्हटलं, बनु. "मालकाचं?" मी म्हटलं, बापाचं घ्या, मच्छिंद्र. त्यानं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि म्हणाला, "कुवार हायेस व्हय?" मी म्हटलं, "कागदावर हाय." बायका लई हसल्या. मीही हसले. दर शनिवारी तो ते नाव वाचतो आणि मी ओ देते. आता पहिल्या हाकेलाच देते, मागं वळून बघत नाही.

लिहायचं नव्हतं, पण तुम्हाला नाही तर कुणाला लिहू? परवा सासूबाई रतनला घेऊन सडकेनं बाजाराला चालल्या होत्या. रतन हात सोडून माझ्या ढिगापाशी आली. सहा महिन्यांनी एवढी जवळ आली. उंच झाली आहे. माझ्या बोटांना बांधलेल्या चिंध्यांकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, खडी टोचती का?"

आजवर तिनं मला मावशी म्हटलं नव्हतं. घरी शिकवलं असणार. पण त्यात खोटं काहीच नाही, मामा, मी तिची मावशीच आहे. तुम्ही मला लिहिलं होतं, खरं लिहिल्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

मी तिला म्हटलं, "न्हाई गं. जा, आजी थांबलीय."

बनु